उपाशी कोंबडी काय खाते?

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ७ इंचांपर्यंत चढलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बुडाला आणि जवळजवळ आठवडाभर कोल्हापूरचा रस्ता तुटला. पेट्रोलची, दुधाची, भाजीची टंचाई सगळ्यांना आठवते. महामार्ग बंद म्हणजे कोंबडीखाद्याची गाडीही बंद, हे मात्र शेडवाल्यालाच आठवतं.

माझे दोन मित्र त्या आठवड्यावरून अजून भांडतात. आण्णा शिरोलीच्या पलीकडे अंड्यांच्या कोंबड्या पाळतो. डॉक्टर पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेला. दोघं एका बाकावरचे, त्यामुळे बोलणं अरे-तुरेचं. पुरात आण्णाच्या एका शेडला बरेच दिवस दाणा मिळाला नाही, तरी बहुतेक कोंबड्या जगल्या. त्यातून शिकायचं काय, यावर दोघांचं जमत नाही. त्यांचं भांडण इथं मांडतोय. मधेमधे मीही तोंड घालीन.

आण्णा: सरळ हिशेब हाय. जुनी बॅच, सत्तर आठवडं उलटलेली. पाणी दाराला लागलं तवा गोदामात दोन दिवसांचं खाद्य. ते सपलं, मग निस्तं पाणी. चौथ्या-पाचव्या दिवशी अंडी बंद. कोंबड्या गप बसून. रस्ता उघडला, खाद्य आलं, पिसं झडली, नवी आली, आन पुढं दीड-दोन महिन्यांत अंडी परत चालू. आधीपेक्षा टणक कवचाची. मग सांग मर्दा, उपासानं माझं वाटोळं झालं का भलं झालं?

डॉक्टर: यातलं एकही वाक्य खोटं नाही, म्हणून तर तुझ्याशी भांडायला त्रास होतो. तू नाइलाजानं केलंस ते अंडीवाल्यांनी जगभर वर्षानुवर्षं ठरवून केलं. एक-दोन आठवडे खाद्य तोडायचं, वजन पाव हिश्श्यानं, कधी त्याहून जास्त उतरवायचं, अख्ख्या शेडची पिसं एकदम झाडून घ्यायची आणि त्याच कोंबड्यांकडून अंड्यांची दुसरी फेरी काढायची. आपल्याकडे प्राणी कल्याण मंडळानं २०११ साली सांगितलं, की हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११चा भंग आहे. मालकानं जनावराला पुरेसं खाणं, पाणी, आसरा द्यायचा, एवढं साधं ते कलम.

आण्णा: कायदा ऱ्हाऊ दे बाजूला. कोंबडीला काय झालं ते सांग. माझ्या डोळ्यांदेखत बऱ्या हुत्या त्या.

डॉक्टर: काट्यावर घेतल्या होत्यास?

आण्णा: घेतल्या की. दीड किलोची कोंबडी बाराशेवर आल्ती. महिन्याभरात परत दीड किलो. आता बोल.

डॉक्टर: त्या तीनशे ग्रॅममध्ये काय काय गेलं, ते बोलू. अंड्यावरची दीड किलोची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. त्यातून तिला २८० किलोकॅलरीच्या आसपास ऊर्जा मिळते. एका अंड्यात ८०-८५ जातात. बाकीची अंगाची ऊब, हालचाल, पचनाचा खर्च. दाणा तुटला की पचनाचा खर्च थांबतो, पाठोपाठ अंडं थांबतं. मग उरते ती नुसतं जिवंत राहण्याची गरज. माक्स क्लायबर नावाचा मूळचा स्विस माणूस कॅलिफोर्नियात डेव्हिसला काम करायचा. त्यानं १९३२ साली उंदरापासून बैलापर्यंतची जनावरं एका सूत्रात बसवली. वजन दुप्पट झालं की ही गरज दुप्पट होत नाही, १.६८ पट होते. त्या सूत्रानं तुझ्या दीड किलोच्या कोंबडीला दिवसाला ९५ किलोकॅलरी लागतात.

आण्णा: म्हंजे २८० वरनं ९५! खर्च तिसऱ्या हिश्श्यावर आला की. मी तरी काय येगळं म्हणतोय? कोंबडी शहाणी असती. नको तो खर्च तोडती.

डॉक्टर: तिथंच चुकतोस. सुरुवातीला नको तो खर्च तुटतो, मान्य. पण आठवड्यानं बघितलं तर तिची गरज क्लायबरच्या सूत्रानं निघते त्याच्याही खाली गेलेली असते. का? कारण ती खर्च करणारे अवयवच मोडीत काढते. यकृत आणि आतडी वजनानं थोडी, पण ऊर्जा खाण्यात सगळ्यांच्या पुढं. उपासात तीच आधी आक्रसतात. पक्ष्यात चरबी बनवण्याचं मुख्य काम यकृत करतं. दाणा नाही म्हटल्यावर त्याला काम उरत नाही, दोन-तीन दिवसांतच ते लहान होतं. तू मेलेल्या कोंबड्या फाडून बघितल्या होत्यास ना?

आण्णा: बघितल्या. कलेजी बारकी, काळपट. एरवी आमच्या कोंबडीची कलेजी पिवळसर, भरलेली असती.

डॉक्टर: आणि अंडनलिका? चालू कोंबडीत ती साठ-सत्तर सेंटिमीटर लांब, चांगली जाडजूड असते. आठवड्याच्या उपासानं तिची नुसती पातळ नळी उरते. अंडाशयातले पिवळे बलक कोंबडी परत शोषून घेते. म्हणजे उद्याची, परवाची, तेरवाची अंडी तिनं स्वतःच खाल्ली. रात्री अंगाचं तापमानही थोडं उतरतं. हालचाल कमी होते. तू म्हणालास ना, गप बसल्या होत्या म्हणून?

इथं मी विचारलं, की गरज कमी होणं हा फायदा धरायचा की तोटा? डॉक्टर म्हणाला, “दोन्ही. त्यामुळं ती जास्त दिवस जगते, हा फायदा. पण त्या दिवसांत ती पूर्वीची कोंबडी राहत नाही.” आण्णानं हात झटकला. मला डॉक्टरचं म्हणणं पटलं, पण आण्णाच्या हात झटकण्यातही तथ्य होतं. ज्याच्या दारात पाणी आहे त्याला जास्त दिवस जगणं एवढंच पुरतं.

आण्णा: बरं, मग मरत्यात कवा? तुझ्या हिशेबानं सांग.

डॉक्टर: चरबी एक ग्रॅम जाळली तर नऊ किलोकॅलरी. तुझ्या कोंबडीत दोनशे ग्रॅम चरबी धरू. अठराशे झाल्या. रोजच्या शंभरानं कागदावर अठरा दिवस.

आण्णा: मी तर आठवडाभरच...

डॉक्टर: थांब. कागदावर म्हणालो. उपासाचे तीन टप्पे असतात. पहिल्यात यकृतातला साखरेचा साठा संपतो. तो इतका थोडा, की एक दिवसही धड पुरत नाही. दुसऱ्यात कोंबडी मुख्यतः चरबीवर जगते आणि मांस जपून वापरते. हाच लांब टप्पा, तुझ्या कोंबड्या यातच होत्या. चरबी एका मर्यादेखाली गेली की तिसरा. तिथं ती मांस जाळायला लागते, घरात सरपण संपल्यावर चुलीत दारं-खिडक्या घालाव्यात तशी. आणि मांसात पाऊण भाग पाणी. शंभर किलोकॅलरी चरबीतून काढायच्या तर अकरा ग्रॅम पुरतात, मांसातून काढायच्या तर जवळजवळ शंभर ग्रॅम लागतं. म्हणून दुसऱ्या टप्प्यात काटा हळू उतरतो आणि तिसऱ्यात घसरतो. रोजचं वजन घेणाऱ्याला काटा खूप सांगतो. तू दोनदा घेतलंस, एकदा आधी आणि एकदा नंतर. तेवढ्यावरून त्या दोन आकड्यांच्या मधलं काही कळत नाही.

आण्णा: साखर सपली म्हणालास. मग चक्कर येऊन पडल्या कशा न्हाईत? मला जेवायला तासभर उशीर झाला तर हातपाय कापत्यात.

डॉक्टर: तुझी साखर किती असते?

आण्णा: गोळी घेऊन दीडशे.

डॉक्टर: धडधाकट कोंबडीची दोनशे ते अडीचशे. आणि उपासातही ती फारशी उतरत नाही. यकृत आणि मूत्रपिंड दोघं मिळून बनवत राहतात. कच्चा माल चरबीतून थोडा, मांसातून बराच. म्हणून रक्तातली साखर तपासून कोंबडी उपाशी आहे हे ओळखता येत नाही. युरिक आम्ल तपासलं तर येतं. मांस जळायला लागलं की ते वाढतं.

आण्णा: रक्त कोण तपासतंय, लेका. आमी विष्ठा बघतो. हिरवी झाल्ती.

डॉक्टर: पोटात दाणा नाही म्हणून नुसतं पित्त बाहेर येत होतं. ते पहिल्या एक-दोन दिवसांतच दिसतं. त्यावरून टप्पा कळत नाही. हातानं मात्र कळतो. छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना बोटं लाव. मांस भरलेलं आहे की हाड धारदार लागतंय?

आण्णा यावर काही बोलला नाही. कोंबडी हातात घेऊन छातीचं हाड चाचपणं हे त्याला लहानपणापासून येतं. बाजारात कोंबडी घेताना त्याची आजीही हेच करायची. डॉक्टरनं प्रयोगशाळेतून फिरून त्याला आजीपर्यंत आणून सोडलं होतं. मग आण्णानं त्याच आजीचा मुद्दा काढला, आणि तो मला सगळ्यात भारी वाटला.

आण्णा: खुडूक कोंबडीचं काय मग? आजी परड्यात डालग्याखाली अंड्यावर बसवायची. एकवीस दिवस. दिवसातनं एकदा उठणार, चार दाणं टिपणार, पाणी पिणार, की परत अंड्यावर. म्होरं कणी ठेवली तरी तोंड लावायची न्हाई. हडकून जायची. तिला कोण उपाशी ठेवतंय? तिचा तीच ऱ्हाती. म्हंजे उपास कोंबडीच्या अंगातच हाय.

डॉक्टर: हाय. टोरँटोच्या शास्त्रज्ञांनी रानकोंबड्यांवर नेमकं हेच बघितलं, १९८० साली छापलं. अंड्यावर बसलेल्या मादीजवळ खाद्य ठेवलं तरी ती कमी खायची आणि तिचं वजन उतरत जायचं. मग त्यांनी एक गंमत केली. बसलेल्या काही माद्यांचं खाद्य काही दिवस पूर्ण तोडलं, वजन आणखी उतरवलं आणि मग परत दिलं. त्या माद्या जास्त खायला लागल्या, पण कुठपर्यंत? पहिल्या वजनापर्यंत नाही. अंड्यावर बसलेल्या कोंबडीचं त्या दिवशी जेवढं असायला हवं तेवढ्यापर्यंत. म्हणजे खुडूक कोंबडीच्या अंगात वजनाची ठरलेली खूण हळूहळू खाली सरकत असते. तिला भूक लागत नाही, कारण तिच्या अंगाच्या मते ती उपाशीच नाही. आणि ती बसण्याआधी चरबी करून घेते. तुझ्या पुरातल्या कोंबडीची खूण जागच्या जागी होती. वजन तेवढं खाली गेलं. ती भुकेली होती.

आण्णा: गप बसल्या होत्या म्हणतोय मी.

डॉक्टर: गप बसणं म्हणजे भूक नसणं नव्हे. अंटार्क्टिकात एम्परर पेंग्विनचा नर जोडी जमवण्यापासून पायांवरचं अंडं उबवून होईपर्यंत जवळजवळ चार महिने उपाशी असतो. वजनाचे चाळीस टक्के जातात. स्ट्रासबर्गच्या इव्हों ल माहो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेंग्विनांवरच उपासाचे टप्पे बारकाईनं मांडले. चरबीची मर्यादा ओलांडली की तो नर अंडं सोडून समुद्राकडे चालायला लागतो. मादी आली नसली तरी. तिसरा टप्पा त्याला आतून कळतो आणि त्याचं गप बसणं संपतं. तुझ्या पिंजऱ्यातली कोंबडी चालून कुठं जाणार?

या जागी आण्णानं विषय वळवला, आणि वळवला तोही बरोबर ठिकाणी. त्याच पावसाळ्यात सांगली-कोल्हापुरात कडकनाथचं प्रकरण फुटलं होतं. पिलं कंपनी देणार, खाद्य कंपनी देणार, अंडी आणि पक्षी कंपनीच चढ्या भावानं घेणार, या करारावर शेतकऱ्यांनी लाखो रुपये गुंतवले होते. व्यवहार कोसळला, खाद्य यायचं थांबलं, अंडी कुणी घेईना. सप्टेंबरात सांगली जिल्ह्यात मुख्यमंत्र्यांच्या महाजनादेश यात्रेच्या ताफ्यासमोर कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकली गेली, ती याच रागातून. काळ्या मांसाची ही जात मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची. काटक म्हणून तिची ख्याती.

आण्णा: आमच्या पाहुण्याकडं हुत्या. देशी जात, काटक, काय बी खाऊन जगत्यात म्हणून घेतल्या. आन खाद्य थांबल्यावर माझ्या पांढऱ्या कोंबडीपेक्षा लवकर माना टाकल्या. हे कसं?

डॉक्टर: काटक म्हणजे परड्यात काटक. उकिरडा उकरील, किडा-मुंगी टिपील, पडलेला दाणा शोधील. बंद शेडात तुसावर उभी केली तर तो काटकपणा वापरायला जागाच नाही. मग उरतं अंगावरचं गाठोडं, आणि कडकनाथच्या अंगावर चरबी कमी. तेच सांगून तर तिचं मटण महाग विकलं जात होतं! चरबी कमी म्हणजे दुसरा टप्पा आखूड. दोन कोंबड्यांचं वजन सारखं असलं तरी कमी चरबीवाली लवकर मांसावर येते. तुझ्या शेडातही तेच झालं असणार. गेल्या त्या कोंबड्या कुठल्या होत्या?

आण्णा: आधीच बारीक असलेल्या.

डॉक्टर: दोनशे ग्रॅम चरबी ही सरासरी. काहींकडे ऐंशीच असेल. “बहुतेक जगल्या” हे तू जाड्यांच्या जिवावर बोलतोयस.

आण्णा मात्र हार मानणारा नाही. त्यानं एक हुकमाचं पान राखून ठेवलं होतं.

आण्णा: भरपूर खायाला घातलं म्हंजे भलं, असं तरी कुठं हाय? ब्रॉयलरच्या आईबापांना कंपन्या काय करत्यात सांग की ह्याला.

हे खरं आहे, आणि चिकन खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत आहे. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जाणारी जात ब्रॉयलर म्हणून बनवली. पण तिच्या आईबापांना तर वर्षभराहून जास्त जगायचं असतं, अंडी द्यायची असतात. पोटभर दिलं तर ते इतके फुगतात की पाय जातात, हृदय जातं, अंडाशयाची शिस्त बिघडते आणि मरतूक वाढते. म्हणून वाढीच्या वयात त्यांना मनाजोगतं खाल्लं असतं त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो. काही ठिकाणी एक दिवस दाणा, एक दिवस उपास. आयुष्यभर भुकेली राहिलेली ही कोंबडी पोटभर खाणाऱ्या तिच्या बहिणीपेक्षा जास्त जगते. डॉक्टरलाही हे नाकारता आलं नाही.

डॉक्टर: हा प्रश्न जातीनं तयार केलाय, उपासानं नाही. वाढीचा इतका हव्यास अंगात घातला, की आता खायला दिलं तरी पाप, नाही दिलं तरी पाप. आणि एक दिवसाआडच्या उपासात फायदाही नाही. तेवढंच खाद्य रोज थोडं थोडं दिलेली कोंबडी चांगली निघते. कारण दाण्याच्या दिवशी यकृत भराभर साखर आणि चरबी साठवतं, उपासाच्या दिवशी तीच मोडतं. या साठवण्या-मोडण्यातच ऊर्जा वाया जाते.

आण्णा: एकादशी, दुप्पट खाशी!

डॉक्टर: अगदी तेच. तुझी कोंबडी महिन्यात परत दीड किलो झाली म्हणालास. उपासानंतर दाणा मिळाला की यकृत पहिल्यापेक्षा जोरानं चरबी बनवायला लागतं. आतडी, यकृत, पाणी, चरबी हे लवकर भरून येतं. छातीचं मांस मागनं, हळू. तोच दीड किलो, पण आतला माल वेगळा. आणि त्या उपासाच्या दिवसांत तिची रोगाशी लढायची ताकद उतरलेली असते. अमेरिकेत १९९०च्या दशकात असं दिसलं, की उपाशी ठेवून पिसं झाडलेल्या कोंबड्यांना साल्मोनेलाची लागण फार सहज होते आणि तो विष्ठेतून जास्त पडतो. मग ती टणक कवचाची अंडी कुणाच्या ताटात जातात?

आण्णा: पिसं तर झाडायलाच लागत्यात. जुनी बॅच नुसती खाद्य खाती.

डॉक्टर: झाड. पण कोंडा देऊन झाड. गव्हाचा कोंडा भरपूर, दाणा कमी. पोट भरतं, ऊर्जा तुटते, अंडी थांबतात, पिसंही झडतात. वजन सावकाश उतरतं आणि कोंबडी चोची मारत राहते, वेडीपिशी होत नाही.

जुलै २०२१मध्ये पाणी परत आलं, राजाराम बंधाऱ्यावर ५६ फुटांच्या वर. महामार्ग परत बंद झाला. या वेळी आण्णाच्या माळ्यावर चार दिवसांचं खाद्य होतं. तेव्हाच त्यांचं शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात खरं भांडण झालं, फोनवर. अपुरं खाद्य वाटायचं कसं? आण्णाचं मत, जाडीला आधी घाला, अंडं तीच देणार. डॉक्टरचं मत, बारकीला आधी घाला, जाडी अजून आठवडा काढील. माझं मत डॉक्टरच्या बाजूनं आहे. चरबीचा हिशेब एकदा समजल्यावर दुसरं काही म्हणता येत नाही. पण आण्णानं पुढं जे विचारलं त्याला माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

आण्णा: पाच हजार पक्षी, वीज न्हाई, गुडघ्याएवढं पाणी, आन मी एकएकीची छाती चाचपत बसू?

डॉक्टर: शंभर धर. कोपऱ्याकोपऱ्यातल्या पिंजऱ्यांतनं. बारक्या किती निघतात ते बघ.

आण्णा: आन निघाल्या तर? पिंजऱ्यात चार-चार हायत. बारकीच्या म्होरं टाकलं की तिघी जाड्या माना घालत्यात. वेगळ्या करायला रिकामा पिंजरा कुठाय?

डॉक्टर: मग सगळ्यांना थोडं थोडं, रोज. एक दिवसाआड नाही.

आण्णा: तेवढं जमंल. कोंड्याची चार पोती हायत म्हशीची. त्यात मिसळू का?

डॉक्टर: मिसळ.